जागें न होणारें यंत्र

(नभोवाणीवरील भाषण)



आजच्या विषयाचें नांव ऐकतांच आपणांपैकीं कांहींजणांचा हात रेडिओचा कान पिरगाळण्यासाठीं पुढें झाला असेल. विजेच्या तारा, व्होल्ट आणि ओहम यांत घरच्या माणसांनीं काय म्हणून लक्ष घालावें? माझी एवढीच विनंति आहे कीं, थोडा वेळ थांबावें. मी इंजिनिअर नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेला, आणि सातवीपर्यंतच्या मुलांना पस्तीस वर्षें गणित व विज्ञान शिकवून निवृत्त झालेला एक मास्तर आहें. या विषयांत मी पडलों तो हौसेनें नव्हे. आमच्या दारावरच्या एका गरीब माणसाची नोकरी जाण्याची वेळ आली होती, आणि ती घालवणाऱ्या कागदावर संस्थेचा चिटणीस या नात्यानें मला सही करावयाची होती.

गोष्ट अशी. पुण्यांतील आमच्या सहकारी गृहरचना संस्थेंत तीन इमारती आहेत, दोन फाटकें आहेत आणि आठ कॅमेरे आहेत. गेल्या वर्षीं आषाढांत एका सभासदाच्या मुलाची नवी सायकल मागल्या फाटकाजवळून नाहींशी झाली. रेकॉर्डर उघडून पाहिला, तों मागल्या फाटकाच्या कॅमेऱ्याचें चित्र संध्याकाळीं सात-सव्वासातला काळें होई, आणि सकाळीं उजाडल्यावर पुन्हां दिसूं लागे. हें एका रात्रीचें नव्हे. जवळजवळ तीन आठवडे असेंच चाललें होतें. या कॅमेऱ्याची तार पहारेकऱ्याच्या खोलीच्या मागून जाते. रात्रपाळीला पहारेकरी एकच. वय पन्नाशीपुढचें, संस्थेंतील लहान मोठे सगळेच त्याला मामा म्हणतात.

तार बसवणाऱ्या इसमास बोलावणें धाडलें. तो भर दुपारीं आला, कॅमेऱ्याच्या टोकाला त्यानें एक बोटाएवढा टेस्टर लावला, टेस्टरचा दिवा लागला, आणि 'तारेंत वीज येते, कॅमेराहि चांगला आहे, रात्रीं कोणीतरी हात लावत असणार' असें सांगून व आपले पैसे घेऊन तो गेला. मग काय! दिवसां चालणारा कॅमेरा रात्रींच बंद पडतो, तार मामांच्या खोलीमागून जाते, आणि सायकल रात्रींच जाते, अशी तीन विधानें एकापुढें एक मांडून कार्यकारी मंडळानें अनुमान काढलें. इतकी नेटकी मांडणी पाहून मलाहि क्षणभर तें पटलें, हें कबूल केलें पाहिजे. तरी सही करण्यापूर्वीं मीं आठ दिवसांची मुदत मागून घेतली. कारण एवढेंच कीं, 'तारेंत वीज येते' या वाक्याचा अर्थ काय, हें मला कोणी समजावून सांगितलें नव्हतें.

आतां थोडें मूळ विषयाकडे वळूं. हल्लीं जिन्याच्या कोपऱ्यांत कॅमेरा असतो, छताला वायफायचा पांढरा डबा असतो, कचेरीच्या टेबलावर नव्या पद्धतीचा टेलिफोन असतो. यांतल्या पुष्कळांना एकच निळी किंवा करडी केबल जाते. चित्र किंवा आवाज त्याच केबलींतून येतो-जातो आणि यंत्राला लागणारी वीजहि तिच्यांतूनच मिळते. भिंतींत वेगळा प्लग लागत नाहीं. या योजनेस पॉवर ओव्हर इथरनेट म्हणतात; त्या धंद्यांतील मंडळी नुसतें 'पीओई' म्हणतात. सगळ्या केबली जेथें एकत्र येतात त्या डब्याला स्विच असें नांव आहे. दिव्याचें बटण नव्हे. हा वेगळा स्विच. वीज तोच पुरवतो.

कल्पना नवी वाटते, पण आपल्या वडीलधाऱ्यांना ती ठाऊक होती. जुना काळा टेलिफोन आठवून पाहा. घरांतले दिवे गेले तरी तो वाजत असे, कारण त्याची वीज आपल्या घरची नव्हतीच. टेलिफोनच्या एक्स्चेंजमध्यें ४८ व्होल्टांच्या मोठाल्या बॅटऱ्या असत, आणि बोलणें ज्या दोन तारांवरून जाई त्याच तारांवरून ही वीज येई. पुढें टेलिफोन संगणकाच्या केबलीवर आला, तेव्हां ही सोय तेथेंहि हवीशी झाली, आणि २००३ सालीं तिचें पहिलें सर्वमान्य मानक ठरलें. त्याचें नांव आयईईई ८०२.३ एएफ.

हें मानक मला फार आवडलें, आणि कां तें सांगतों. केबलीच्या टोकाला काय जोडलेलें आहे हें स्विचला दिसत नाहीं. तेथें कॅमेरा असेल, किंवा कोणीतरी सहज लावलेला लॅपटॉप असेल, ज्याला ही वीज नकोच. म्हणून स्विच आधीं विचारतो. दार वाजल्यावर आपण कडी काढण्यापूर्वीं 'कोण आहे?' म्हणून विचारतों, तसेंच हें.

या विचारपुशीच्या पायऱ्या आहेत. पहिली ओळखीची. स्विच २.८ ते १० व्होल्ट इतक्या सौम्य दाबानें केबल चांचपून पाहतो. पलीकडच्या यंत्राच्या पोटांत सुमारें २५,००० ओहमचा एक रोध मुद्दाम बसवलेला असतो. ती त्याची ओळखखूण. १९,००० पासून २६,५०० ओहमपर्यंतचा रोध आढळला, तर स्विच त्याला आपला समजतो. लॅपटॉपच्या ठिकाणीं ही खूण सांपडत नाहीं, म्हणून पुढची वीज जातच नाहीं आणि लॅपटॉप सुखरूप राहतो.

दुसरी पायरी वर्गाची. हा शब्द मास्तराच्या कानाला गोड लागणारच. स्विच आपला दाब १५.५ ते २०.५ व्होल्टांवर नेतो, आणि यंत्र ठराविक प्रवाह ओढून आपला वर्ग सांगतें. ९ ते १२ मिलिअँपिअर म्हणजे पहिला वर्ग, १७ ते २० म्हणजे दुसरा, २६ ते ३० म्हणजे तिसरा, ३६ ते ४४ म्हणजे चौथा. त्याप्रमाणें स्विच अनुक्रमें ४, ७, १५.४ आणि ३० वॅट बाजूला काढून ठेवतो. जें यंत्र वर्ग सांगतच नाहीं त्याच्यासाठींहि १५.४ वॅट राखतात. अबोल पाहुण्याच्या पानांत आपण जरा जास्तच वाढतों, त्यांतला प्रकार. यांतील ३० वॅटांची सोय २००९ च्या सुधारित मानकानें आली. २०१८ च्या मानकानें तीच मर्यादा ९० वॅटांपर्यंत गेली.

तिसऱ्या पायरीला ४४ ते ५७ व्होल्टांचा पुरा दाब केबलींत येतो आणि यंत्र जागें होतें. चौथी पायरी हजेरीची. यंत्रानें किमान १० मिलिअँपिअर प्रवाह घेत राहून आपण असल्याचें कळवावयाचें असतें, ०.३ ते ०.४ सेकंद हजेरी चुकली तर स्विच वीज तोडतो.

हें सर्व सांगण्याचें कारण असें कीं, यंत्र जागें झालें नाहीं म्हणजे हें संभाषण यांपैकीं कोणत्यातरी एका पायरीवर तुटलेलें असतें. पायरी कोणती, हें कळलें कीं निम्मा रोग कळला. पण पुष्कळदां होतें तें असें: यंत्र लागत नाहीं, म्हणून नवें यंत्र आणतात, तेंहि लागत नाहीं, म्हणून दुकानदाराशीं भांडतात, आणि बिघाड जिथल्या तिथें राहतो.

पहिल्याच पायरीवर तुटलें, तर स्विचवरील वीजदर्शक दिवा लागतच नाहीं. आमच्याच इमारतींतील एका डॉक्टरांनीं दूरच्या दवाखान्याशीं जोडण्यासाठीं वायफायचा एक डबा आणला आणि तो संस्थेच्या स्विचला लावला. डबा निर्जीव. परत करावयास निघाले होते. त्या डब्याला २४ व्होल्टांची साधी वीज लागत होती. ओळखीचा २५,००० ओहमचा रोध त्याच्या पोटांत नव्हताच. डब्यासोबत खोक्यांत आलेला छोटा इंजेक्टर, जो त्यांनीं निरुपयोगी समजून फडताळांत टाकला होता, तो जोडतांच डबा चालूं झाला. मात्र हे इंजेक्टर कोणालाहि न विचारतां वीज सोडतात, म्हणून ते दुसऱ्या यंत्राला लावूं नयेत.

पावसाळ्यांतला प्रकार निराळा. सांध्यांत पाणी शिरलें कीं तेथून थोडा प्रवाह गळूं लागतो. समजा त्या गळतीचा रोध ३०,००० ओहम आहे. आतां २५,००० आणि ३०,००० समांतर जोडले तर उत्तर किती? सातवीच्या मुलानें नाहीं, तरी दहावीच्या मुलानें तें सांगावें: सुमारें १३,६००. स्विच १९,००० च्या खालीं ओळख देण्यास बांधलेला नाहीं, आणि १५,००० च्या खालीं तर त्यानें नाकारलेंच पाहिजे. कॅमेरा चांगला, स्विच चांगला, आणि दोघांची ओळख मात्र पटत नाहीं. ऊन पडलें, सांधा वाळला, कीं सर्व पूर्ववत् सुरू. अशा बिघाडाला लोक भुताटकी म्हणतात.

दुसऱ्या पायरीवरचा नेहमींचा घोटाळा शिध्याचा. आठ तोंडांचा स्विच आठहि यंत्रांना पुरी वीज देईल असें गृहीत धरूं नये. आठांना प्रत्येकीं १५.४ म्हणजे १२३.२ वॅट झाले; स्वस्तांतला स्विच एकंदर ६५ वॅटच देत असेल, तर तिसऱ्या वर्गाचीं चार यंत्रें झालीं कीं ६१.६ वॅट संपले, आणि पांचवें दारांत उभें राहतें. कांहीं स्विच वर्गावरून राखीव हिशेब करतात, कांहीं प्रत्यक्ष खर्चावरून. दुसऱ्या प्रकारांत दिवसां आठहि चालतात आणि खर्च वाढला कीं एखादें गळतें. स्विचच्या माहितीपत्रकांत एकूण वॅटांचा आंकडा दिलेला असतो. खरेदीपूर्वीं तेवढा वाचला, तर पुढची वणवण वांचते. चौथ्या वर्गाचें यंत्र २००३ च्या मानकाच्या जुन्या स्विचला लावल्यास तेंहि एक तर अर्धपोटीं चालतें, नाहींतर काम पडतांच कोलमडतें.

आमचा कॅमेरा यांतल्या कोणत्या पायरीवर अडत होता? माझा एक जुना विद्यार्थी अशा केबलींचेंच काम करतो. त्याला मीं फोन केला. रविवारीं सकाळीं तो शिडी, एक मीटरची तयार केबल आणि एक आंकडे दाखवणारा टेस्टर घेऊन हजर झाला. आल्याबरोबर त्यानें जें सांगितलें तें ऐकून मला बरें वाटलें. तो म्हणाला, "गुरुजी, एका वेळीं एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या तर गुण कशानें आला तें कळत नाहीं. तुम्हींच शिकवलें होतेंत, बीं रुजवण्याच्या प्रयोगाच्या वेळीं." मला तो प्रयोग आठवला; हा मुलगा त्या वेळीं लक्ष देत होता, हें मात्र मला नवीन होतें.

प्रथम त्यानें कॅमेरा उतरवून कार्यालयांत आणला आणि त्याच स्विचच्या त्याच तोंडाला एक मीटरच्या केबलीनें जोडला. मिनिटभरांत चित्र आलें. मग तो म्हणाला, "आतां रात्र करूं." माझी काळी छत्री घेऊन त्यानें कॅमेऱ्यावर धरली. अंधार होतांच कॅमेऱ्याचे रात्रींचे दिवे लागतात; त्यांचा उजेड आपल्या डोळ्यांना दिसत नाहीं, जवळून पाहिल्यास फक्त मंद तांबडी झांक दिसते. ते लागले. अर्धा तास छत्रीखालीं ठेवूनहि कॅमेरा कांहीं विझला नाहीं. म्हणजे कॅमेरा, स्विच आणि तें तोंड, तिन्ही निर्दोष ठरले. राहिली केबल.

तोच कॅमेरा पुन्हां फाटकावर चढवला. दिवसाच्या उजेडांत तो सुरळीत चालूं झाला. छत्री धरली. तांबडी झांक दिसली, आणि लागलीच विझली. थोड्या वेळानें कॅमेरा पुन्हां जागा झाला, पुन्हां लाल झाला, पुन्हां विझला. भर दुपारीं छत्रीखालीं आम्हीं ती तीन आठवड्यांची रात्र पाहिली. खालीं मामा शिडी धरून उभे होते, आणि तारेला कोणाचा हात लागलेला नव्हता.

आतां टेस्टरचे आंकडे सांगतों, कारण सर्व रहस्य त्यांत आहे. कॅमेरा विझलेला असे तेव्हां टेस्टर पुरे ४८ व्होल्ट दाखवी. म्हणूनच त्या पहिल्या इसमाच्या टेस्टरचा दिवा लागला होता. 'तारेंत वीज येते' हें त्याचें वाक्य खोटें नव्हतें, अपुरें होतें. कॅमेरा दिवसां चालूं असतांना दाब ४०.६ व्होल्ट आणि प्रवाह ०.१२३ अँपिअर. रात्रींचे दिवे लागले कीं दाब घसरत घसरत ३० च्या आसपास येई आणि कॅमेरा मिटे.

वाटेंत ७.४ व्होल्ट कोठें गेले? मीं कॅलेंडरच्या पाठीवर भागाकार केला. ७.४ भागिले ०.१२३, म्हणजे ६० ओहम. केबल सत्तर मीटर लांब. चांगल्या तांब्याच्या केबलीचा एवढ्या अंतराचा रोध साडेसहा ओहमांच्या आंतबाहेर असावयास हवा. येथें तो जवळजवळ दहापट होता. मानकानें केबलीसाठीं धरलेली कमाल मर्यादाहि २० ओहमच आहे. या २० च्या आंकड्याची एक गंमत सांगण्याचा मोह आवरत नाहीं. स्विच देतो १५.४ वॅट आणि यंत्रानें घ्यावयाचे १२.९५; मधले २.४५ कोठें जातात? ०.३५ अँपिअरचा वर्ग करा आणि २० नें गुणा. नेमके २.४५ येतात. ते केबल तापवण्यांत खर्ची पडतात, आणि मानक करणारांनीं तो खर्च आधींच मांडून ठेवला आहे.

पण रोध सतत ६० ओहमच असेल, तर दिवसां चालावें आणि रात्रीं अडावें असें कां? येथें माझी शाळेंतली समजूत मला आडवी आली. दिवा घेतला तर दाब कमी झाल्यावर तो मंद होतो आणि कमी प्रवाह घेतो. कॅमेरा तसा नाहीं. त्याला ठराविक वॅट हवेच असतात. दाब कमी झाला कीं तेवढेच वॅट मिळवण्यासाठीं तो प्रवाह वाढवतो. प्रवाह वाढला कीं केबलींत आणखी व्होल्ट गळतात. मग तो प्रवाह आणखी वाढवतो. दिवसां ५ वॅटांवर हें कसेंबसें सांवरत होतें. रात्रींच्या दिव्यांसह ९ वॅट लागत. गणित केलें तर ६० ओहमांतून ९ वॅट न्यावयास ०.३ अँपिअर प्रवाह लागतो, त्यांत १८ व्होल्ट वाटेंतच जातात, आणि कॅमेऱ्याच्या वांट्याला ३० उरतात. तेवढ्यावर यंत्र स्वतःला मिटून घेतें. मिटलें कीं प्रवाह थांबतो, प्रवाह थांबला कीं गळती थांबते, दाब पुन्हां ४८ होतो, आणि यंत्राला वाटतें कीं सर्व ठीक आहे. तें पुन्हां उठतें. रात्रभर त्याचें हेंच चाले. चित्र धाडण्याइतका वेळ तें जागें राहतच नसे.

तेव्हां ओझ्याविना घेतलेलें माप फसवें असतें. रिकाम्या नळाचा दाब पाहून टाकीपर्यंत पाणी चढेल असें आपण म्हणत नाहीं. तोटी उघडावी लागते.

राहिला सांधा शोधण्याचा प्रश्न. तो मामांच्या खोलीमागें, जमिनीपासून गुडघाभर उंचीवर, एका पाइपांत सांपडला. कुंपणाची भिंत मागें सरकवली त्या वेळीं केबल आंखूड पडली म्हणून कोणीतरी तिला तुकडा जोडला होता. जोडण्याची रीत म्हणजे तारा एकमेकींभोवतीं पिळून वर चिकटपट्टी! पट्टी सोडली तों आंत पाणी आणि पांढरी भुकटी. माझ्या विद्यार्थ्यानें तार पात्यानें खरवडली. वरचा तांबूस मुलामा गेला आणि आंत रुपेरी धातु दिसला. ती तांब्याची केबल नव्हतीच. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची होती. जाडी तीच असतां ॲल्युमिनियमचा रोध तांब्याच्या दीडपटीहून अधिक. शिवाय हवापाण्यानें त्यावर जो थर चढतो त्यांतून वीज जात नाहीं. नुसत्या केबलीचा दोष आम्हीं कदाचित् वर्षानुवर्षें खपवून घेतला असता. पिळलेल्या सांध्यांत पहिला पाऊस शिरला आणि हिशेब चुकता झाला. बिल मात्र तांब्याच्या केबलीचें होतें. तें माझ्याच फायलींत आहे, त्यावरहि माझी सही आहे.

आतां खरी सांगावयाची गोष्ट. सांधा सांपडला तेव्हां मामा शेजारींच होते. मीं त्यांना म्हटलें, "मामा, रात्रीं कॅमेरा असा लाल होऊन विझतो, हें तुम्हांला दिसलें नाहीं का?" ते कांहीं बोलले नाहींत. खोलींत गेले आणि फाटकावरची नोंदवही घेऊन आले. ज्येष्ठाच्या अखेरीपासूनचीं पानें त्यांनीं उलटून दाखवलीं. 'रात्री ७-१५. मागचा क्यामेरा लाल होतो, विजतो. सारखे चालू.' दुसऱ्या दिवशीं पुन्हां तेंच. तिसऱ्या दिवशीं, 'पाऊस. क्यामेरा तसाच.' अशा सतरा नोंदी. नेमणुकीच्या वेळीं मींच त्यांना बजावलें होतें कीं, वावगें दिसेल तें वहींत लिहावें. प्रत्येक पानाच्या तळाशीं 'पाहिलें' असा शेरा आणि खालीं माझी सही.

"मग तोंडानें कां नाहीं सांगितलेंत?" असें मीं विचारलें, विचारावयास नको होतें. ते म्हणाले, "गुरुजी, लिवलं होतं की. रोज सही होती तुमची."

पस्तीस वर्षें मुलांच्या वह्या तपासलेला माणूस मी! न वाचतां सही करण्याबद्दल मीं वर्गांतल्या कितीतरी पालकांना शब्द लावले असतील.

पुढच्या बैठकींत मीं त्या सतरा नोंदी वाचून दाखवल्या, शेऱ्यांसकट. कामावरून काढण्याचा कागद मग पुढें आलाच नाहीं. एका सभासदांनीं, तार नादुरुस्त होती हें खरें असलें तरी सायकल गेली हेंहि खरें, असें म्हटलें. आणि तें चुकीचें नव्हतें. सायकल अद्याप मिळालेली नाहीं. पण ती मामांच्या नांवावर कोणी मांडत नाहीं. संशय घेतल्याबद्दल मंडळानें त्यांची लेखी क्षमा मागावी असा ठराव मीं मांडला. पुष्कळ चर्चा होऊन 'लेखी' हा शब्द वगळण्यांत आला. म्हणून मीं माझ्यापुरती ती नोंदवहींतच लिहिली, आणि तिच्याखालीं सही केली.

नवी केबल आणली ती दुकानांतच पात्यानें खरवडून पाहून. गाभा अखंड तांब्याचा आहे, हें डोळ्यांनीं पाहिल्याशिवाय पैसे दिले नाहींत. दुकानदार किंचित् रागावला. पण तांब्याची केबल मुलाम्याच्या केबलीपेक्षां वजनालाहि चांगलीच भारी असते, आणि तें त्याला आमच्याइतकेंच ठाऊक होतें. स्विचपासून फाटकापर्यंत मध्यें एकहि सांधा न ठेवतां ती ओढून घेतली. दोन्ही टोकांच्या जॅकमध्यें आठहि तारा क्रमानें बसल्या आहेत कीं नाहींत हें टेस्टरवर ताडलें, आणि बाहेरच्या टोकाला पाणी शिरणार नाहीं अशी बंद डबी बसवली. केबल कॅमेऱ्यांत शिरण्याआधीं तिला खालीं एक वळसा दिला आहे, म्हणजे वरून ओघळणारें पाणी वळशाच्या तळाशीं टपकून जातें.

त्या रात्रीं सव्वासातला आम्ही तिघेहि फाटकाशीं उभे होतों. दिवे लागले. टेस्टरनें ४६.७ व्होल्ट दाखवले आणि आंकडा तेथेंच राहिला. तो मीं तारखेसह एका चिठ्ठीवर लिहून स्विचच्या कपाटाच्या दाराला आंतून चिकटवला आहे. पुढल्या पावसाळ्यांत ताडून पाहतां यावा म्हणून.